दिन ‘साजरा’ करायचा की ‘पाळायचा’?

प्रश्न असा आहे : “वर्षातला जवळजवळ प्रत्येक दिवस कशाचा ना कशाचा जागतिक दिन असतो. हे दिवस ठरवतं कोण? त्यांचा नेमका अर्थ काय, उद्देश काय, आणि त्यातून खरंच काही बदलतं का? आमची संस्था लहान आहे. आम्ही यातले कोणते दिवस घ्यावेत?”

मी गेली बावीस वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या जनजागृतीचं काम करते आहे. या काळात असे किती दिवस पार पडले त्याची मोजदाद ठेवलेली नाही. पण कोणते कामी आले आणि कोणते नुसते उरकले गेले, हे पक्कं लक्षात आहे. त्या जोरावर उत्तर देते.

आंतरराष्ट्रीय दिन म्हणजे एखाद्या प्रश्नाला मिळालेली तारीख. कोर्टात तारीख लागते तशी. तारीख लागली म्हणजे निकाल लागला असं होत नाही, पण तारीखच नसेल तर प्रकरण कुणी पुढ्यात घेत नाही. एरवी ज्यांचं म्हणणं ऐकायला कुणाला सवड नसते, त्यांना त्या दिवशी उभं राहून बोलायचा हक्क मिळतो. आणि ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांना “आज कसं काय आठवलं?” असं विचारता येत नाही. क्षयरोगावर बोलण्यासाठी एखाद्या अधिकाऱ्याची वेळ मिळवायला मला एरवी महिना महिना खेपा घालाव्या लागल्या आहेत. २४ मार्चला, म्हणजे क्षयरोग दिनाला, तोच अधिकारी स्वतःहून फोन करतो, कारण त्यालाही त्या दिवशी काहीतरी केल्याचं दाखवायचं असतं. ही त्याची गरज आपल्या कामी आणणं, यातच अर्धं कौशल्य आहे.

हे दिवस ठरवतं कोण, ते नीट समजून घ्या, कारण बरेच घोळ इथूनच सुरू होतात. अधिकृत म्हणावेत असे बहुतेक दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातून येतात. एखादा सदस्य देश मसुदा मांडतो, बाकीचे देश त्याला पाठिंबा देतात आणि ठराव संमत होतो. शौचालय दिनाचं उदाहरण घ्या. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी १९ नोव्हेंबर २००१ रोजी शौचालयांच्या प्रश्नावर काम करणारी एक जागतिक संघटना स्थापन केली आणि तोच दिवस पाळायला सुरुवात केली. पुढे सिंगापूरनं ठराव मांडला आणि २०१३ मध्ये आमसभेनं तो दिन मान्य केला. म्हणजे लोकांनी आधी बारा वर्षं पाळला आणि मग जगानं त्यावर शिक्का मारला. आरोग्याचे काही दिवस जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत ठरतात, तर शिक्षण आणि भाषेचे काही युनेस्कोत. याखेरीज व्यावसायिक संघटनांनी, स्वयंसेवी संस्थांनी आणि सरळ सरळ कंपन्यांनी जाहीर केलेले दिवस वेगळेच. नावात ‘जागतिक’ असलं म्हणून मागे जग उभं आहे असं धरू नका. दिवस कुणी मांडला, खर्च कोण करतं आणि त्यातून कुणाचा माल खपतो, हे तीन प्रश्न आधी विचारा.

आमसभेचा ठराव कधी मुळातून वाचला नसेल तर एखादा जरूर वाचा. पान-दीड पानाचा असतो. त्यात सरकारांना, संस्थांना, नागरिकांना हा दिवस योग्य रीतीनं पाळण्याचं ‘आमंत्रण’ असतं. सक्ती कुणावरच नसते. आणि अलीकडच्या बहुतेक ठरावांत शेवटाकडे एक वाक्य असतं की, यासाठी होणारा खर्च स्वेच्छेनं दिलेल्या देणग्यांतून भागवावा. म्हणजे ठरावानं तारीख दिली, पैसा दिला नाही आणि माणूसही दिला नाही. हे ठाऊक असलं की मग “संयुक्त राष्ट्रांचा दिवस आहे, तरी काहीच कसं होत नाही?” ही तक्रार उरत नाही. करणारे आपणच असतो.

तारीख कशी निवडली गेली यावरून त्या दिवसाचा स्वभाव कळतो. मला या सगळ्यांत सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो १ डिसेंबर. ऑगस्ट १९८७ मध्ये जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक कार्यक्रमात जेम्स बन आणि थॉमस नेटर हे दोन माहिती अधिकारी काम करत होते. एड्सचं नाव काढलं की लोक घाबरत होते किंवा तोंड फिरवत होते. या दोघांनी जागतिक एड्स दिनाची कल्पना मांडली. तारखेमागे कुणाचा जन्म नाही, मृत्यू नाही की शोध नाही. बन मूळचे टीव्ही पत्रकार. १९८८ हे अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष होतं. त्यांनी हिशेब केला की नोव्हेंबरात निवडणूक आटोपलेली असेल, नाताळच्या सुट्ट्या अजून लागलेल्या नसतील, आणि मधल्या त्या मोकळ्या जागेत वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना बातमी हवी असेल. म्हणून १ डिसेंबर १९८८. इतक्या व्यवहारी विचारातून निघालेला हा दिवस आज आरोग्याच्या सर्वांत परिचित दिवसांपैकी एक आहे. पण पुढचा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाकडे ही जबाबदारी आली, आणि १९९७ मध्ये त्यांनीच एका दिवसाऐवजी वर्षभर चालणारी मोहीम सुरू केली. सर्वांत गाजलेला दिवस ज्यांच्या हाती होता, त्यांनाच एक दिवस अपुरा वाटला होता.

इतर तारखांच्या मागे वेगवेगळी कारणं आहेत. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून तो क्षयरोग दिन. २१ मार्च हा डाऊन सिंड्रोम दिन, कारण त्यात एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. एकवीस, तीन : तारखेतच कारण सांगून टाकलं आहे, आणि मुलांना समजावताना ते किती सोपं जातं ते मी अनुभवलं आहे. त्याच २१ मार्चला वंशभेद निर्मूलनाचाही दिवस असतो, कारण १९६० साली त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथं, कृष्णवर्णीयांना सतत परवाना बाळगायला लावणाऱ्या पास कायद्यांविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसं मारली गेली. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा २५ नोव्हेंबर हा डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या मिराबाल भगिनींच्या हत्येचा दिवस. ती हत्याही १९६० ची. लॅटिन अमेरिकेतल्या कार्यकर्त्या स्त्रिया १९८१ पासून तो दिवस पाळत होत्या, आमसभेची मान्यता आली १९९९ मध्ये. अशा दिवशी रंगीत फुगे लावलेलं व्यासपीठ पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. शुभेच्छा देण्याचा तो दिवस नव्हे.

आपल्या भाषेनं इथं एक मोठी सोय करून ठेवली आहे. आपण दिन ‘साजरा करतो’ असंही म्हणतो आणि ‘पाळतो’ असंही म्हणतो. साजरा होतो तो आनंद. पाळायचं असतं ते पथ्य, वेळ, दिलेला शब्द. ‘पाळणं’ म्हटलं की करणाऱ्यावर काहीतरी बंधन येतं, आणि ते मोडलं तर मोडलं असं म्हणता येतं. संस्थेच्या बैठकीत मी मुद्दाम विचारते, हा दिवस आपण साजरा करणार आहोत की पाळणार आहोत? पाळणार असलो तर काय पाळणार, ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता आलं नाही तर तो दिवस त्या वर्षी सोडून देतो. बहुतेक वेळा ते लिहिता येत नाही, आणि त्यात वेळ वाचतो.

काही दिवस साजरे करण्याजोगे असतात, हेही सांगते. १६ सप्टेंबरचा ओझोन दिन तसा आहे. १९८७ मध्ये त्या तारखेला मॉन्ट्रियलचा करार झाला, पुढे संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश त्यात आले, ओझोनचा थर खाणारी बहुतेक रसायनं वापरातून गेली आणि थर हळूहळू भरून येतो आहे. जगानं एकत्र येऊन एखादी गोष्ट दुरुस्त करायला घेतली आणि ती दुरुस्त होऊ लागली, हे लहान मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता मुख्य प्रश्न : यातून बदलतं का?

२२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाचं नाव नेहमी घेतलं जातं. अमेरिकी सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची कल्पना, डेनिस हेज यांची बांधणी, आणि सुमारे दोन कोटी लोक रस्त्यावर. तारीखही विचारपूर्वक निवडलेली होती. वसंतातली सुट्टी संपलेली आणि वार्षिक परीक्षा सुरू व्हायच्या, अशा मधल्या दिवशी विद्यार्थी हाताशी होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथं पर्यावरण संरक्षणाची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा झाला, १९७२ मध्ये पाण्याचा. हे सगळं एका दिवसानं झालं असं मी म्हणणार नाही. आदल्या वर्षी सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेलगळती झाली होती, लोक आधीच संतापलेले होते. पण पसरलेल्या संतापाला एक तारीख मिळाली, तो मोजता आला, आणि ज्यांच्या हाती कायदे होते त्यांना तो दिसला. दिवस परिणाम करतो तो असा. मागणी तयार असेल, माणसं तयार असतील, आणि निर्णय घेणारा समोर असेल, तर तारीख त्यांना एकत्र आणते. यातलं काहीच नसेल तर तारीख बिचारी एकटी काय करणार?

माझा स्वतःचा धडा रक्तदानाचा आहे. १४ जून हा रक्तदाता दिन, रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, २००४ पासून जगभर पाळला जातो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही त्या दिवशी मोठं शिबिर घ्यायचो. दात्यांची रांग दाराबाहेर जायची. एका वर्षी इतके लोक आले की रक्तपेढीच्या माणसांनी आणखी पिशव्या मागवून घेतल्या, आणि संध्याकाळी आम्ही सगळे फार समाधानानं घरी गेलो. जुलैच्या अखेरीस एका बाईंचा फोन आला. मुलीला तातडीनं रक्त हवं होतं, गट दुर्मीळ होता, पेढीत शिल्लक नव्हती. मी आमची वही मांडीवर घेऊन त्या गटाच्या एकेका दात्याला फोन लावत बसले. पहिला म्हणाला, “ताई, मी तर तुमच्याकडेच दिलं ना जूनमध्ये.” दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्यानंही तेच. वहीतल्या प्रत्येक नावापुढे एकच तारीख होती, १४ जून.

कारण साधं आहे आणि आम्हाला ते माहीतही होतं. तांबड्या पेशी फार तर पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट साधारण पाच दिवस. आणि एकदा रक्त दिलेल्या माणसाला पुन्हा देण्याआधी, त्या त्या देशाच्या नियमांप्रमाणे, दोन ते चार महिने थांबावं लागतं. म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी बोलावून आम्ही त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त गोळा केलं होतं आणि पुढचे कित्येक आठवडे स्वतःच्या हातानं कोरडे करून ठेवले होते. त्या मुलीला अखेर दुसऱ्या गावाहून आणलेलं रक्त मिळालं. ती वही मी अजून ठेवली आहे.

दुसऱ्या वर्षीपासून आम्ही १४ जूनला भिंतीवर बारा कागद लावतो, प्रत्येकावर एका महिन्याचं नाव. आलेला माणूस आपल्या सोयीचा महिना निवडून तिथं नाव आणि गट लिहितो. जूनच्या कागदावर पेढी सांगेल तेवढ्याच जागा. काही लोक थोडे नाराज होतात, आज द्यायच्या तयारीनं आलेले असतात. त्यांच्याशी बसून बोलावं लागतं. फोटोत दिसणारी रांग आता लहान असते, आणि वर्तमानपत्रात बातमीही लहान येते. पण कुठल्याही महिन्यात फोन आला तर लावायला नंबर असतो.

‘जागृती’ या शब्दाबद्दलही मला थोडं बोलायचं आहे. माहिती मिळाली की माणूस वागणं बदलतो, अशी एक समजूत या कामात खोल रुजलेली आहे. तंबाखू वाईट आहे हे न कळल्यामुळे तंबाखू खाणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. त्याला तलफ आल्यावर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे हवं असतं. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन त्या दृष्टीनं उपयोगी आहे, कारण त्या सुमारास सोडण्याचा विचार करणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. ती इच्छा थोडेच दिवस टिकते. तेवढ्यात मदतीचा हात समोर असला पाहिजे. फुप्फुसाचं काळं चित्र दाखवून आपण निघून आलो, तर त्या माणसाला फक्त आणखी अपराधी वाटतं.

तपासणी शिबिरांचंही तेच आहे. विल्सन आणि युंगनर या दोन तज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली तपासणीची जी तत्त्वं मांडली, त्यात निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असावी असं स्पष्ट आहे. तरीही दिनाच्या निमित्तानं भराभर साखर तपासतात, रक्तदाब मोजतात, चिठ्ठीवर आकडा लिहून देतात, आणि वाढलेला आकडा घेऊन माणूस घरी जातो तो रात्रभर जागा राहण्यासाठी. पुढे कुठं जायचं, कधी, कुणाला भेटायचं, हे त्या चिठ्ठीवर लिहिता येत नसेल तर तपासणी घेऊ नका. आत्महत्या प्रतिबंध दिन, १० सप्टेंबर, घेणार असाल तर याहून जास्त काळजी घ्या. पद्धतींची वर्णनं नकोत, एकच एक कारण सांगून मोकळं होणं नको, आणि त्या आठवड्यात मदतीचा फोन उचलणारं प्रशिक्षित माणूस खरोखर बसलेलं आहे याची आदल्या दिवशी स्वतः फोन लावून खात्री करा.

आणखी एक गोष्ट. ज्यांचा दिवस, त्यांना विचारा. २ एप्रिलच्या स्वमग्नता (ऑटिझम) दिनाबद्दल स्वमग्न माणसांनीच पुढे येऊन सांगितलं की नुसती जाणीव पुरे झाली, आता स्वीकार हवा. आमच्याविषयीचं काहीही आमच्यावाचून ठरवू नका, असं अपंगांच्या चळवळीनं कधीचं बजावलं आहे, आणि ३ डिसेंबरच्या अनेक कार्यक्रमांत अजूनही व्यासपीठाला पायऱ्याच असतात, रॅम्प नसतो. कार्यक्रम आखताना ती माणसं टेबलाशी असती तर ही गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत निघाली असती.

तर तुमच्या संस्थेनं कोणते घ्यावेत? वर्षातून एक. फार तर दोन. जो प्रश्न तुमच्याकडे रोज दार ठोठावतो त्याचाच दिवस घ्या, दिनदर्शिकेत छान दिसतो म्हणून नको. तयारी तीन महिने आधी सुरू करा आणि नंतरच्या तीन महिन्यांसाठी माणूस नेमूनच तारखेला हात घाला. बाकीचे दिवस सोडून देताना मनाला लावून घेऊ नका. ते पाळणारे दुसरे कुणीतरी असतात.

आणि त्या दिवशी स्वतःचं दार उघडं ठेवा. हे मी एका २४ मार्चला शिकले. मोठी फेरी निघाली होती, घोषणा झाल्या, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर एक गृहस्थ आमच्याबरोबर खुर्च्या उचलायला थांबले. मी आभार मानले तरी जाईनात. शेवटची खुर्ची रचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “खोकला किती दिवसांचा असला म्हणजे दाखवायचं?” मी म्हटलं, दोन आठवड्यांच्या वर गेला की लगेच. ते गप्प झाले. मग म्हणाले, “घरी मंडळींना तीन महिने झाले.” मी त्यांना तपासणी केंद्राचा पत्ता दिला. ते म्हणाले, “सकाळी गेलो होतो आम्ही. कुलूप होतं.” केंद्रातले सगळे फेरीत चालत होते. माझ्याच शेजारी.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्या दोघांना घेऊन गेले. निदान झालं, सहा महिने औषधं चालली, त्या बऱ्या झाल्या. पण ते कुलूप माझ्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून आम्ही दर २४ मार्चला एक कागद भरतो : कुणी, काय, कधीपर्यंत करणार. व्यासपीठावर आलेला प्रत्येक पाहुणा त्यावर एक ओळ लिहून सही करतो, आणि पुढच्या वर्षीचा कार्यक्रम तो जुना कागद मोठ्यानं वाचूनच सुरू होतो. पहिल्या वर्षी एका अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की कामावर जाणाऱ्यांसाठी केंद्र आठवड्यातून एक दिवस उशिरापर्यंत चालू ठेवू. दुसऱ्या वर्षी ती ओळ वाचली तेव्हा झालेलं काहीच नव्हतं, आणि सभागृहात सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहिली, या वेळी खाली महिना घालून. आता गुरुवारी ते केंद्र रात्री आठपर्यंत उघडं असतं.